बिंगारी खोऱ्याची तपकिरी पाटी

१२ जानेवारी
आजही एक गाडी थांबली नाही. मेलबर्नची माणसं म्हणजे मेंढरं. एक मेंढरू मोठ्या नावाच्या खोऱ्यात शिरलं की सगळी तिकडेच. माझ्या मळ्यातल्या शिराझ वाईनमध्ये काही खोट नाही, खोट पाटीत आहे. फाटकासमोर पर्यटकांसाठीची तपकिरी पाटी लागली की रांग लागेल. नगरपालिकेला पुन्हा पत्र. यावेळी ‘निर्लज्ज’ हा शब्द दोनदा वापरला.

१९ जानेवारी
बायको ग्लेनिस म्हणते, "डेन्झिल, ईस्टरपर्यंत बघते. नाहीतर वाईन चाखायला देतोस ती टेस्टिंगची खोली बंद. तिथे माझ्या कोंबड्या राहतील."
कोंबड्या! त्या खोलीची फळी न् फळी मी ठोकलीय. मेलो तरी बंद होऊ देणार नाही.

२ फेब्रुवारी, दुपार
गाडी आली! जोडपं. मी त्यांना इथल्या मातीबद्दल सविस्तर सांगितलं. दोघं जमिनीवर बसून आमच्या टिंकरचं पोट खाजवत होते. बाईंनी घोट घेऊन बादलीत थुंकला. नवऱ्याने तेवढेही कष्ट न घेता ग्लासच बादलीत ओतला. टिंकरने पंजा पुढे केला म्हणून एक बाटली घेतली.
या कुत्र्यामुळे वाईनकडे कोणाचं लक्षच जात नाही.

९ फेब्रुवारी
मेलबर्नहून फोन. कुणी बाई लहान वाइनरींवर पुस्तक करतेय, गुरुवारी येणार. अखेर! पुस्तकाबद्दल ती पुढे काहीतरी सांगत होती, पण मी मातीवर बोलत होतो.

१० फेब्रुवारी
संकल्प: यापुढे सगळं शिस्तीत. टिंकरला शेजारी मर्व्हकडे सोडला. मर्व्ह म्हणजे चड्डीवर वाईन विकणारा माणूस. म्हणाला, "ठेवतो की. पण तुला करमेल का रे?"
मला? कुत्र्यावाचून? हसू आलं.
टिंकर मर्व्हच्या फाटकात उभा राहून माझी गाडी वळेपर्यंत बघत होता. असो.

१६ फेब्रुवारी
बाई आली. आल्या आल्या, "टिंकर कुठेय?"
पुस्तक वाइनरीतल्या कुत्र्यांचं आहे. द्राक्षांचा, मातीचा, माझा काही संबंध नाही! मर्व्हकडे आहे म्हटल्यावर कॅमेरा उचलून तिकडे गेली. ग्लासाला हातसुद्धा लावला नाही. संतापून मीच प्यायलो. किंचित आंबट. उन्हाळाच तसा होता.

५ मार्च
मर्व्हकडे गाड्याच गाड्या. त्या बाईने फोटो इंटरनेटवर टाकलेत म्हणे. जाऊन टिंकरला घेऊन आलो. शेपूट हलवत आला, जेवला, आणि सकाळी मळ्यातून चालत परत तिकडे! नमकहराम.
मर्व्हला फोनवर झाडला. तो शांत. "मी बांधलेला नाही रे त्याला. त्याला माणसं लागतात."
मग मी कोण आहे?

१२ मार्च
संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. तो माझ्या बुटांवर झोपायचा. आठवण येते. लिहून टाकलं, ही वही कोण वाचतंय. पण आणायला जाणार नाही. चूक त्याची आहे.

२३ मार्च
पाटी मंजूर!! लावणार कुठे, तर माझ्या फाटकासमोर. लेखणीत ताकद लागते. ग्लेनिसला पत्र नाचवून दाखवलं. ती म्हणाली, "छान. कोंबड्या सोमवारी येतायत." येऊ देत. परत पाठवू. गाड्यांसाठी गवत कापून घेतलं, नवे ग्लास मागवले.

८ एप्रिल, ईस्टरचा शनिवार
सकाळी पाटी लागली. तपकिरी, देखणी, बरोब्बर माझ्या फाटकासमोर. तिच्यावर पांढऱ्या रंगात कुत्रा आहे. बाण मर्व्हकडे.
ग्लेनिस मर्व्हच्या काउंटरवर मदतीला गेलीय, तिथे हात कमी पडतात म्हणे. टेस्टिंगच्या खोलीतून कोंबड्यांचा आवाज येतोय.
मी पाटीखाली उभा होतो. नगरपालिकेला काय काय लिहायचं ते मनात जुळवत होतो. एक गाडी थांबली. माझ्यासमोर थांबली! टोपी सरळ केली. आतून एक मुलगी उतरली, हातात फोन.
"आजोबा, जरा बाजूला व्हा ना. कुत्रा झाकला जातोय."
झालो.