मागच्या टेबलावरची कात्री

ता. १७, रविवार, दुपार

प्रिय बारक्यास,

दादाचे आशीर्वाद. घरी आम्ही दोघं बरी आहोत. तू बरा आहेस हे मला रोज तुझ्या खोकल्यावरून कळतंच. दुकानाच्या एकाच खोलीत बसून दोघं कपडे शिवतो आणि मी तुला पत्र लिहितोय, हे वाचून हसशील. हस. फक्त अक्षराला हसू नकोस, माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे.

बातमी आनंदाची आहे. मी मरत नाही.

तुला पत्ता नसेल, पण गेले काही महिने माझ्या पाठीत कळ येत होती. खांद्यांच्या पात्यांच्या जरा खाली, बरोबर मधोमध. कोणी दाभण खुपसावं तशी यायची आणि श्वासच अडकायचा. आधी वाटलं हृदय. मग वाटलं फुप्फुस. मग कोणीतरी म्हणालं, मूत्रपिंडाचं दुखणंही पाठीत येतं, म्हणून मी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागलो. शेवटी मणक्यात गाठ आहे असं ठरवूनच टाकलं. तुझ्या वहिनीला सांगितलं, "माझा करडा कोट वर काढून ठेव. जाताना तोच अंगावर असू दे." ती म्हणाली, "त्याचं बटण तुटलंय. आधी लावा, मग जा."

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छातीचा एक्स-रे फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. मी म्हटलं, "नीट बघा, कुठेतरी राहिलं असेल." ते म्हणाले, "काका, आजार नाही म्हणून रागावणारे तुम्ही पहिलेच." आणि मला व्यायाम करून घेणाऱ्या बाईकडे पाठवलं.

बाई कसली, पोरगीच ती. तिने पाठ चाचपली, हात वर-खाली करायला लावले आणि विचारलं, "कामाला कसे बसता?"

"सगळे बसतात तसाच."

"करून दाखवा बघू."

तिने स्टूल दिलं. मी मशीनवर बसल्यासारखा बसलो, पाय हलवले, कापड सरकवलं. तिला काही सापडेना. मग म्हणाली, "आणि दोरा कापायचा असला की? कात्री कुठे असते?"

मी रोजच्यासारखा हात मागे टाकला आणि ओरडलोच. तीच कळ! तिथेच!

"सापडली!" म्हणून पोरीने टाळी वाजवली. दुखत होतं तरी मलाही हसू फुटलं. ती म्हणाली, मान पुढे ताठ ठेवायची, कंबर पिळायची आणि हात मागे ताणायचा, असं दिवसभर केलं तर स्नायू बोंबलणारच. दुसरं काही नाही. मग विचारते, "पण काका, मागे वळून का बघत नाही तुम्ही?"

मी म्हटलं, "सवय."

तुझी वहिनी कोपऱ्यात होती. ती कशाला गप्प बसते! "सवय कसली? मागे यांचा धाकटा भाऊ बसतो. बोलणं बंद आहे. वळलं तर तोंड दिसेल ना त्याचं! म्हणून मशीन भिंतीकडे फिरवलंय, आणि कापायचं टेबल राहिलं मागे."

पोरगी हसून हसून खाली बसली. "शेक मी देईन, व्यायाम देईन. भावाचं काय करू?"

हे पत्र भांडायला नाही. पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. "दादाला आता सुई दिसत नाही, पॅन्ट माझ्याकडे द्या," असं तू गिऱ्हाइकासमोर म्हणालास, ते मला फार लागलं. एकट्याला सांगायचं होतंस. मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी. आणि खरं सांगू? तुझी वहिनी रोज सकाळी मला सुया ओवून देते. त्या मी कॉलरच्या आत टोचून दुकानात आणतो. कोणाला सांगू नकोस.

फोटो काढताना त्या थंडगार यंत्राला छाती टेकवून उभा होतो, तेव्हा मनात भलतंच आलं. आता गेलो, तर बारक्याला मी शेवटचा दिसलो तो पाठमोराच. मरणापेक्षा तेच जास्त खुपलं.

आणि कात्रीचं कालच लक्षात आलं. आधी ती टेबलावर कुठेही असायची, मी चाचपडत राहायचो. हल्ली हात मागे गेला की अगदी काठाशी सापडते, तीसुद्धा मुठीची बाजू माझ्याकडे करून. कात्रीला काही पाय फुटत नाहीत, बारक्या.

तर आता कामाचं. मशीन पहिल्यासारखं फिरवायचं आहे. मला वजन उचलायची सक्त मनाई, तुझ्या वहिनीचे गुडघे धड नाहीत. म्हणजे ते तुलाच करावं लागेल. मी बाजूला उभा राहून "अजून जरा डावीकडे" म्हणत राहीन. तू वैतागून म्हणशील, "मग तूच कर ना!" ते ऐकायला माझे कान आसुसलेत.

हे पत्र तुझी वहिनी संध्याकाळी आणून देईल. उत्तर लिहीत बसू नकोस. उद्या जरा लवकर ये.

उद्यापासून तुझ्याकडे तोंड करून बसणारा,
तुझा दादा