देऊळ उघडेपर्यंत

मी, तुळसा परशुराम हडकर, वय एकसष्ट, राहणार आचरा, तालुका मालवण, धंदा जत्रेत खाजा विकणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. शरीर पोखरलं आहे, डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर रश्मी यांचा दाखला सोबत जोडला आहे. वकील म्हणाले, मनातलं लिहू नका, मिळकतीचं तेवढं लिहा. आता काय सांगू त्या माणसाला! माझी मिळकत ती केवढी?

१. राहतं घर आणि मागची माडांची बाग मुलगा ओमकार आणि मुलगी संचिता यांना निम्मी निम्मी मिळावी. ओमकार, मुंबईत बसून तोंड वाकडं करू नकोस. गोव्याच्या इस्पितळात माझ्या उलट्या कोणी काढल्या, ते तुला ठाऊक आहे. तू रोज फोन करायचास, तेही मी विसरलेले नाही.

२. खाजाची मोठी कढई, झारे आणि दुकानाची ताडपत्री जावेची सून दीपिका हिला. आंगणेवाडीच्या जत्रेत ती माझ्या शेजारी उभी राहिली, गुळाचा पाक तिलाच कळतो. दीपिका, हात दुखला तर तेल लाव. छातीत किंवा काखेत गाठ लागली तर तेल लावू नकोस, डॉक्टरकडे जा. कोरोनाच्या टाळेबंदीत, चैत्रात, मला गाठ लागली तेव्हा झारा ओढून आली असेल म्हणून मी खोबरेल चोळत बसले. खुळी मी!

३. पितळेची घागर जाऊ आनंदी हिला. लग्न होऊन आल्यापासून तिचा त्या घागरीवर डोळा. आनंदीवर माझा राग आहे, मृत्युपत्रात खोटं कशाला लिहू? गाठीचं मी पहिलं तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "आता इस्पितळात जातलंस आणि तो रोग घराक आणतलंस? देऊळ उघडूक दी, कौल लावया, मगे जा." आमच्या घरात लग्न असो, विहीर असो की दुखणं, ग्रामदेवाचा कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. गुरव देवाला फुलाच्या कळ्या लावतो; उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. त्या वर्षी देवळालाच कुलूप. एसटी बंद, गोव्याची हद्द बंद, आणि इस्पितळात जाऊन आलेल्या माणसाला लोक पाणीसुद्धा लांबून द्यायचे. पण खरं सांगायचं तर मलाही थांबायला बरंच वाटलं. भीती वाटत होती हो. आणि आनंदीचा नवरा दम्याचा, तिला त्याची धास्ती. तिचं तरी काय चुकलं? घागर घे गो, चिंच लावून घासून ठेव.

४. दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. कौल उजवा पडला, तोही झटकन. दुसऱ्याच दिवशी मी तालुक्याला गेले. डॉक्टर रश्मींनी हात लावला आणि लगेच गोव्याच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. तपासणीत तिसरी स्टेज निघाली. "मावशी, चैत्रात आला असतात तर कदाचित नुसती गाठ काढून भागलं असतं," म्हणाल्या. छाती गेली, केस गेले, आणि आता दुखणं हाडांत उतरलं आहे. मी देवावर रागावले होते, मग माझी मलाच लाज वाटली. देवाने नको कधी म्हटलं होतं? गुरव गुरुदास यांना मी कौलासाठी थांबले ते सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "बाये, तेवाच माझ्या घराकडे कित्याक येवक नाय? देवाक न इचारताच जा म्हणान सांगलंय असतंय." म्हणून दरवर्षी बागेतले पहिले नारळ देवळाला जावेत, आणि गुरुदास यांनी जत्रेत देवापुढे सगळ्यांसाठी मागणं मागतात त्या गाऱ्हाण्यात एवढं घालावं, की औषधपाण्याला कोणी कौलासाठी खोळंबू नये.

५. संचिताच्या हिश्शाला अट आहे: तिने तपासून घ्यावं. वकील म्हणतात, अशी अट कोर्टात टिकायची नाही. नाही टिकली तर नाही टिकली! तिच्या छातीत गाठ आहे. शिमग्याला तिने मला हळूच सांगितलं आणि लगेच म्हणाली, "तुझां बरां होवंदे गे आये, मगे माझां बघूया." गो मेल्ये, माझं आता बरं व्हायचं नाही! आज टाळेबंदी नाही, एसटी धावते, आणि तू माझी गादी झाडत, माझ्या गोळ्या मोजत थांबतेस? माझ्यापायी तुझा वेळ जातो, ह्याने माझा जीव तुटतो. ओरडून झालं, पाया पडून झालं, तेव्हा कुठे तिने येत्या सोमवारचा नंबर घेतला.

६. मी कधी जाईन ते डॉक्टरसुद्धा सांगत नाहीत. सोमवारच्या आधी गेले, तर सुतक धरून घरात बसायचं नाही. वाडीतले बोलतील, बोलू देत. आणि संचिता, तू तिथे रांगेत असताना आई गेल्याचा फोन आला, तर रांग सोडून धावत येऊ नकोस. आत जा, तपासून घे, मग ये. मी घरीच असेन. ओमकार, ती तपासून येईपर्यंत मला कोणी उचलायचं नाही.

मजकूर वाचून पाहिला, माझाच आहे.

सही: तुळसा परशुराम हडकर

साक्षीदार:
१. गुरुदास गुरव, आचरा
२. डॉ. रश्मी सावंत, मालवण

ठिकाण: आचरा
दिनांक: २५ एप्रिल २०२५