मातीला न येणारी माणसं

१२ ऑगस्ट, मंगळवार
गावातल्या गंगूआत्या गेल्या. निरोप आला तेव्हा मी सोनपेठला, पाण्याच्या टाकीच्या बैठकीत. माती चारला. बैठक सोडली असती तर पोचले असते. सोडली नाही. दीड वर्ष अडलेली टाकी आज कुठं साहेबांसमोर आली होती. खोटं कशाला लिहू, आत्या म्हाताऱ्या होत्या, चालून जाईल असंही वाटलं.
संध्याकाळी गेले. त्यांच्या मुलानं, बाळूनं, दारातच सांगितलं, "राख व्हायलीय आयीची. आता कशाला आलात?"

१३ ऑगस्ट
बाळूनं गावाच्या ग्रुपवर टाकलंय: 'मातीला येत न्हाई त्या सरपंचाला काळीज न्हाई.' खाली नुसते अंगठे. हे म्हणाले, दोन दिवसांत विसरतील लोक. विसरत नसतात. वाक्य माझंच आहे.
इलेक्शनात किशनमामा समोर होते. पंधरा वर्षं सरपंच, नाव ठेवायला जागा नाही. मग एक सापडली. विहिरीत पडून गावातली तरणी सविता गेली, तिच्या मातीला मामा आले नव्हते. तिच्या दारापासून चाळीस पावलांवर मामांचं घर. रिक्षाला भोंगा बांधून मी गावभर बोलले, "लेकीबाळीच्या मातीला जो येत न्हाई त्याला काळीज न्हाई." बायकांनी डोळ्याला पदर लावले. मी निवडून आले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडा झाला, मग ग्रा. सभा. टाकीचं सांगायला उभी राहिले तर बाळू उठला. तेच वाक्य. त्याला बस म्हणायला कुणी नाही. आमच्या पॅनलचे चपला बघत बसलेले. मागून काठी वाजली. किशनमामा.
"बाई गावाच्या कामाला गेल्ती. माती कुनासाठी थांबत न्हाई, बाळू. बस खाली."
बसला. टाकीचं मी दोन वाक्यांत उरकलं. लाज वाटली, नुसती लाज.

१७ ऑगस्ट, रविवार
मामांकडे गेले. ते शेतात. मामींनी चहा टाकला. सविताचा विषय मीच काढला.
मामींनी सांगितलं, त्या दिवशी मामा निघाले होते. खांद्यावर टॉवेल, पायात वहाणा. ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. त्यांची लेक लता सविताच्याच वयात गेली, परभणीला, बाळंतपणात. मी लग्न होऊन गावात यायच्या आधीची गोष्ट. "तवापासून तरण्या पोरीची माती म्हनलं की त्येंचे पायच उचलत न्हाईत."
"मामी, मग इलेक्शनात का न्हाई सांगितलं?"
"मी बी तेच म्हनले. तर म्हनले, पोरीच्या मरनावर मतं मागू व्हय?"
मी मागितली होती. दुसऱ्याच्या पोरीच्या.

१८ ऑगस्ट
मामा पारावर एकटेच. म्हटलं, पुढच्या ग्रा. सभेत उभी राहून सांगते, मी चुकले.
"लताचं नाव चावडीवर न्यायचं न्हाई, सूनबाई."
"नाव न्हाई घेत. नुसती माफी मागते."
"माग की. लोक इचारतील, मग म्हातारा आला का न्हाई? तवा काय सांगशील?"
माफीचं तिथंच राहिलं.

२४ ऑगस्ट, रविवार
गावातल्या दत्ताची बायको राधा गेली. साप चावला. बावीस वर्षांची. सकाळीच जाऊन तिच्या आईजवळ बसले. त्या बाईकडे बघवत नव्हतं.
माती पाचला. बायका स्मशानापर्यंत जात नाहीत, पण सरपंच झाल्यापासून मी जाते, दोन शब्द बोलते. पॅनलचे तीन फोन: वैनी, आज पुढं उभं राहा, मागचं सगळं धुऊन निघतंय. राधाचं मरण यांना साबणासारखं वापरायचंय. राग आला, आणि मग आठवलं की हे शिकवलं कुणी.
साडेचारला निघाले. मामा ओट्यावर. खांद्यावर टॉवेल, पायात वहाणा, दोन्ही हात काठीवर. म्हणाले, "तू हो पुढं. आलोच."
वळणापर्यंत गेले. मागं बघितलं तर तसेच. परत आले आणि त्यांच्याशेजारी बसले.
"जा गं. बोलतील तुला."
गेले नाही. तिरडी समोरून गेली तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले होते. मागून बाळू. आम्हाला बघून थांबला, खिशातून मोबाईल काढला. हातात धरून उभा राहिला जरा वेळ. फोटो काढला की नाही कळलं नाही.
दिवेलागण झाली. मोबाईल दोनदा वाजला. ग्रुप अजून उघडला नाही.