स्वच्छ केलेला आवाज

दि. ३ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर का झाला ते आधीच सांगतो, नाहीतर तू पानभर रागावशील. तुझ्या वहिनीच्या घशाचा रिपोर्ट आला. जे नको होतं तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे बोलणं बंद, कायमचं. महिनाअखेरीची तारीख दिली आहे.

मी नुसती मान हलवत बसलो होतो. तिनेच विचारलं, तोवर वाचलं तर चालेल का. डॉक्टरांना वाटलं, वर्तमानपत्राचं विचारतेय. मग त्यांना सगळं सांगावं लागलं, की आम्ही दोघं घराच्या मागच्या खोलीत अंधशाळेच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करतो, ही वाचते, मी यंत्र सांभाळतो, आणि सातवीचा भूगोल निम्मा राहिलाय. ते म्हणाले, थोडं थोडं वाचा, दुखलं की थांबा. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली की आता रोज दोन धडे तरी उरकायला हवेत. डॉक्टरांचं थोडं थोडं तिने असं ऐकलं.

आणि नेमका याच वेळी आपला म्हातारा रुसलाय. म्हातारा म्हणजे मी नव्हे, कॉम्प्युटर. त्याच्या पोटात जे आवाज घेणारं कार्ड आहे, ते बसेल अशी खाच नव्या कॉम्प्युटरना नसतेच. ते चालवणारा प्रोग्रॅमही या म्हाताऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. म्हणून मी त्याला इतकी वर्षं जपत आलो, इंटरनेटचा वारासुद्धा लागू दिला नाही. काल धडा चालू असताना त्यात चरचर आली. कार्ड काढून त्याच्या पितळी दातांवरून शाळेचं खोडरबर फिरवलं, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. पण आतला पंखा घरघरतोय आणि दोनदा आपोआप बंदही पडला. माझा जीव टांगणीला लागलाय. कुणाच्या काळजीने, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझा
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या ह्यांनी म्हणे काय झालं म्हणून विचारलं, मला ते ऐकू आलं नाही, शेवटी पत्रच त्यांच्या हातात दिलं. तापाने माझे कान गेले तेव्हा वहिनी आठवडाभर माझ्याकडे येऊन राहिली होती. सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे, ती एकटी माझ्यासमोर बसून सावकाश ओठ हलवायची. त्या बाईचं बोलणं जावं? देवाचा हिशेब मला कधीच कळला नाही.

आता तुला बोलते, राग मानू नकोस. त्या म्हाताऱ्याच्या नादात दिवस घालवू नकोस. सरळ मोबाइलवर घे की तिचा आवाज! तू नाक मुरडशील, ठाऊक आहे मला. तुला मोबाइलवरचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. वाटू दे. आणि भूगोल राहू दे बाजूला. तिला काहीतरी घरचं बोलायला लाव. तुला रागावू दे, नातवंडाला हाक मारू दे, भाजीवाल्याशी घासाघीस करू दे. मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही, म्हणून तर हे मी माझ्यासाठी मागत नाही, हे तरी तुला पटेल.

आणि वहिनीला माझा एक मुका. तू लाजशील, पण दे.

थोरल्याने धाकटीवर करायची तेवढी माया अजून बाकी आहे, ती पाठवत जा.

तुझी
बडबडी


दि. २४ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

भूगोल संपला! आज दुपारी शेवटचा धडा झाला. कसा झाला ते आमचं आम्हाला माहीत.

मधे म्हातारा पुरता मेला होता. त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यातले दोन भाग फुगून फुटले होते. दुरुस्तीवाल्याने आधी मला हसून नवा कॉम्प्युटर दाखवला. मी खुर्ची ओढून त्याच्या दुकानातच ठाण मांडलं, तेव्हा त्याने वैतागून माळ्यावरच्या मोडीतून तसाच एक डबा शोधून दिला. तेवढ्यात वाचनाचे चार दिवस फुकट गेले. ते दिवस ही गप्प बसून होती, आवाज जपत. घरात कसलीच चाहूल नाही. मला ते दिवस खायला उठले, तुला सांगतो.

मोबाइलचं तुझं म्हणणं तिला सांगितलं. ती म्हणाली, आधी मुलांचं पुस्तक होऊ दे, मग एक दिवस घरासाठी ठेवू. पण शेवटच्या दोन धड्यांना तिचा घसा पार बसला. मधेमधे गरम पाणी, मग चार ओळी, मग परत पाणी. तू मला चिकट म्हणतेस, पण मी एक खाकरा, एक आवंढा धड्यात राहू दिला नाही. ऐकणाऱ्या मुलाला वाटावं, बाई ताज्यातवान्या बसून वाचताहेत. संध्याकाळी मी मोबाइल पुढे केला, तर तिने मान हलवली. हा आवाज नको, म्हणाली, हा माझा नाहीच. मीही फार ताणून धरलं नाही. वीस-बावीस वर्षांची तिची वाचनं यंत्रात आहेत, आणखी किती हवंय?

हो, एक गंमत राहिली. अगदी शेवटच्या धड्याला म्हाताऱ्याचं पोट भरलं, जागाच नाही म्हणायला लागला. मग मी केराची टोपली उपसली. मूळ रेकॉर्डिंगमधून मी धडा कापून घेतो आणि उरलेलं एका कप्प्यात टाकतो, त्याला तुझी वहिनी केराची टोपली म्हणते. वर्षानुवर्षं साचलं होतं. सगळं पुसून टाकलं, तेव्हा कुठे धडा मावला. घर झाडून काढल्यासारखं वाटलं.

परवा ऑपरेशन. प्रार्थना कर. तुझं देवाशी भांडण असलं तरी तेवढ्यापुरतं मिटव.

तुझा
दादा


दि. १९ मार्च

चि. बडबडीस,
आशीर्वाद.

वहिनी घरी आली. ऑपरेशन चांगलं झालं, सगळं निघालं म्हणतात. गळ्याला छिद्र आहे, श्वास तिथूनच. पाटीवर लिहून बोलते. जेवण अजून पातळच. हे सगळं मी तुला मोबाइलवर दोन ओळींत कळवलं होतंच. आज लिहितोय ते वेगळं आहे, आणि ते घरात कुणाला सांगायची सोय नाही.

ती इस्पितळात असताना एका दुपारी मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. तिचा आवाज ऐकावासा वाटला. इतिहास लावला, विज्ञान लावलं, कवितांचं पुस्तक लावलं. आवाज लख्ख. पण ती कुठेच नव्हती गं. ती पुस्तकं होती.

तुला कल्पना नाही, आमचं काम कसं चालायचं ते. कॉम्प्युटरचा पंखा वाजतो म्हणून मी भिंतीपलीकडे बसायचो. प्रत्येक परिच्छेदाच्या आधी ती विचारायची, अहो, लावलंत ना? आणि संपल्यावर, अहो, बरं झालं का? अडखळली की स्वतःवरच हसायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायची. एकदा तर ज्वालामुखी वाचता वाचता मधेच मला म्हणाली, अहो, तुमच्या शर्टाला बटण लावायचं राहिलं. हे सगळं मी कापत आलो. रोज, नेमाने, एकही अहो शिल्लक न ठेवता. आणि कापलेलं सगळं टोपलीत होतं. टोपलीत तिचं हे बोलणं आहे, हे मला पुसतानासुद्धा सुचलं नाही.

दुरुस्तीवाल्याकडे धावलो. पुसलेलं कधीकधी परत मिळतं म्हणतात. त्याने डिस्क दिवसभर तपासली. या वेळी हसला नाही. म्हणाला, नुसतं पुसलं असतं तर काहीतरी निघालं असतं, पण त्याच जागेवर नंतर दुसरं लिहिलं गेलंय, आणि पुढे काटछाट करताना पुन्हा पुन्हा लिहिलं गेलंय. ते दुसरं म्हणजे शेवटचा धडा, आणि जागा नव्हती म्हणून त्याचंही कापलेलं मी लगेच पुसत गेलो होतो. तिने रक्ताचं पाणी करून वाचलेला. तिच्याच धड्याखाली मी तिचं हसणं पुरलं.

मोबाइलमध्ये काही नाही. आम्ही दोघं कायम एका छपराखाली, एकमेकांना बोलून पाठवायची वेळच आली नाही. तुला ऐकू येत नाही म्हणून तुलाही ती लिहूनच पाठवायची, आणि लेकीशी फोनवर बोललेलं कुठे साठत नाही. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती सगळीकडे आहे, पण वर बँड वाजतोय.

तिला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही लिहू नकोस.

दादा


दि. २५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग मला तुझा खूप राग आला. दोन्ही तुला कळवते.

तू मुद्दाम केलं नाहीस. तुला केर म्हणजे केर दिसला, तू लहानपणापासून तसाच आहेस. आई आमटीत काय घालते यापेक्षा ओट्यावर काय सांडलं ते तुला आधी दिसायचं. पण आता ते मेलं यंत्र बंद कर, त्यात तिला शोधत बसू नकोस. कान गेल्यावर पहिलं वर्षभर मी रेडिओ लावून त्याच्यावर हात ठेवून बसायचे. थरथर लागायची, म्हणून समजायचं गाणं चालू आहे. आमचे हे समोर बसून पेपर वाचायचे आणि मी त्यांच्याकडे बघायचेही नाही. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुला सांगते आहे.

आणि तिच्यापासून काही लपवू नकोस. तिचा आवाज गेलाय, डोळे शाबूत आहेत.

रागावले तरी तुझीच आहे, माया कमी करू नकोस.

तुझी
बडबडी


दि. ११ एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून चकित व्हाल. इतकी वर्षं पत्राच्या शेवटी ह्यांच्याकडून जागा मागून एक ओळ लिहायचे मी. आता लिहिण्यावाचून दुसरं काही येत नाही, म्हणून अख्खा कागद घेतला आहे.

माझी तब्येत बरी आहे. जखम भरते आहे. टोपलीचं मला कळलं. ह्यांनी सांगितलं नाही, पण दुरुस्तीवाला विचारपूस करायला आला होता, तो बिचारा दारातच बोलून गेला. खरं सांगू? मला त्याचं फार दुःख झालं नाही. मी काय बोलले होते ते मला आठवतं, आणि त्यात जपून ठेवण्यासारखं काही नव्हतं. मला वाईट वाटतं ते ह्यांचं.

हे सकाळी कानाला हेडफोन लावून बसतात ते जेवायलाच उठतात. सगळे जुने धडे पहिल्यापासून ऐकताहेत, कापायचं राहून गेलेलं काही सापडतंय का म्हणून. म्हाताऱ्याची चरचर परत सुरू झाली आहे. खोडरबर झिजून एवढंसं उरलंय. एकदा बंद केलं तर परत सुरू होणार नाही या भीतीने ते यंत्र बंदच करत नाहीत. परवा धावत स्वयंपाकघरात आले. डोळ्यांत पाणी, चेहरा लहान मुलासारखा. वाऱ्यांच्या धड्यात एका वाक्याआधी माझा श्वास राहून गेलेला सापडला होता. नुसता श्वास, वन्सं. तेवढाच कापून वेगळा ठेवलाय, आणि तोच पुन्हा पुन्हा लावून ऐकत बसतात. माझ्या गळ्यातल्या छिद्रातून आता दिवसभर श्वास वाजतो. आधीपेक्षा मोठ्याने वाजतो, मलाच त्याची लाज वाटते. त्याच्याकडे ह्यांचं लक्षच नाही.

काल जेवण वाढून ताटावर चमचा वाजवला. तुमच्या भावाला ऐकू जाईना. मग खोलीत जाऊन पाठीमागे उभी राहिले. पूर्वी एक हाक पुरायची. खांद्यावर हात ठेवला, तर मागे वळून न बघता त्यांनी आपला हात वर केला. धडा चालू असताना कुणी दारात आलं की ते असाच हात वर करायचे. गप्प, आवाज करू नका. इतक्या वर्षांची सवय आहे, त्यांना कळलंही नाही. मीही सवयीने जागच्या जागी उभी राहिले, धडा संपेपर्यंत. अन्न निवून गेलं. आणि मी तिथे उभ्या उभ्या रडले, वन्सं, त्या रडण्यालाही आता आवाज होत नाही.

तुम्ही या. लवकर या, दोन दिवसांसाठी नव्हे, चांगल्या राहायला या. ऐकू येईनासं झाल्यावर घरातल्या माणसांकडे नुसतं बघत कसं राहायचं ते तुम्ही शिकलात. मला बोलल्यावाचून राहायला जमतंय. पण हे माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना तुम्ही शिकवा, माझं ते ऐकणार नाहीत.

येताना भावोजींनाही आणा. वाट बघते.

तुमची
वहिनी