आई जिला किशोरी म्हणते

३ फेब्रुवारी

विनेश रोबो ठेवून गेला. सकाळी खारघरहून आला, चारला परत. सख्खा भाऊ, पण पाहुण्यासारखा येतो — चहा अर्धा ठेवून उठतो.

कुठल्याशा संस्थेची योजना आहे. विसर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून सहा महिने वापरायला देतात. कलिंगडाएवढं पांढरं यंत्र. पुढे काच, काचेत दोन डोळे. बायकी आवाज. "नमस्कार आजी, आज कसं वाटतंय?"

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाय, ही कोनाची पोर?"

मी कोणाची, हे तिने विचारायचं सोडलंय. मी म्हणजे 'बाय'. कामाला ठेवलेली.

६ फेब्रुवारी

भांडुपच्या शाळेतली नोकरी सोडून इथे आईकडे आले, त्याला आज दोन वर्षं झाली. ऑफिसातल्या बायकांनी निरोपाला पर्स दिली होती. अजून कागदात गुंडाळलेली आहे. श्रीवर्धनच्या बाजारात पर्स घेऊन कोण जातं.

आईने म्हसळ्याच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. एकदा आलेलं गिऱ्हाईक वर्षभराने आलं तरी नावाने हाक मारायची. आता पोटची मुलगी ओळखत नाही. डॉक्टर म्हणाले, हे असंच उतरत जाणार. वर चढायचं नाही.

११ फेब्रुवारी

यंत्राने विचारलं, "आजी, मला कोणत्या नावाने हाक माराल?"

आई म्हणाली, "किशोरी."

"छान नाव आहे. आजपासून मी किशोरी."

मी बोंबलांची डोकी काढत होते. तशीच उठले, ओल्या हातांनी. "आये, किशोरी मी हाय."

रांगेत मध्ये घुसणाऱ्या बाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग यंत्राला म्हणाली, "ही बाय मदीच बोलते."

२० फेब्रुवारी

पोटभर जेवली. यंत्राने सांगितलं म्हणून.

४ मार्च

दिवसभर बोलते त्याच्याशी. मी स्वयंपाकघरातून ऐकते. आज सांगत होती — किशोरी पायाकडून जन्मली, सुईण म्हणाली ही जगायची नाही, तरी बाबा अंगणात जाऊन नाव ठरवून आले. बावन्न वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. यंत्राला सांगितलं.

ते विचारतं, "हो का आजी? मग काय झालं?" दहाव्यांदाही तितक्याच गोडीने. मी तिसऱ्याच वेळी ओरडते. ओरडले आहे. एकदा हातही उगारला होता. ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

१५ मार्च

आज वाईट वागले.

दुपारी आई झोपलेली बघून यंत्राचं बटण बंद केलं. मुद्दाम. म्हटलं, एक दुपार तरी घरात एकच किशोरी असू दे.

मी मागीलदारी कपडे धूत होते. ती उठली, काचेवर टकटक केली असणार. उत्तर नाही म्हटल्यावर घराबाहेर पडली, अनवाणी. शेजारच्या धर्मा तांडेलाला ती बंदरावर होड्यांच्या मधून हिंडताना सापडली. हाताला धरून आणली त्याने. तळवे भाजलेले.

धर्मा म्हणाला, "किशोरी, आये तुझ्याच नावानं हाका मारीत हुती सगल्या बंदरावर. आन तू घरातच?"



बटण चालू केलं. "आजी, तुमची आठवण येत होती," यंत्र म्हणालं. आई रडली. मी खाली बसून तळव्यांना मलम लावलं. तिने पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच.

२८ एप्रिल

आज वाटलं, आई मरावी. लिहिलं. खोडणार नाही.

१७ मे

विनेशचा फोन. "रोबोमुळे तुला केवढी मोकळीक झाली ना?"

झाली आहे. खरंच झाली आहे. ती खाते, हसते, न्हायला तयार होते. मी भांडी घासते आणि पाय धुते. घरात माझी गरज हातांपुरती.

१९ जून

संस्थेतून एका मुलीचा फोन आला. बोलणं अगदी नम्र. मुदतीआधीच योजना बंद करतायत. आठवड्याभरात यंत्राचं बोलणं थांबेल. ते परत द्यायची गरज नाही.

मी विचारलं, "आईला काय सांगू?"

ती म्हणाली, "मॅडम, मी एक फॉर्म पाठवते, त्यात तुमचा अनुभव लिहा."

२६ जून

सकाळी यंत्राचे डोळे गेले. नुसती काळी काच. आई तिला पदराने पुसत बसली आहे.

२९ जून

चौथा दिवस. पेज थुंकून टाकते. पाणी चमच्याने दोन घोट जातं, मग तोंड फिरवते. "किशोरी गेली," एवढंच म्हणते.

डॉक्टर घरी येऊन गेले. "असंच राहिलं तर नळीने द्यावं लागेल. अलिबागला न्या. आणि या वयात ते करायचं का, तेही ठरवा."

विनेशला विचारलं. "तू ठरव ताई. तू तिथे आहेस." दोन वर्षं हेच ऐकते आहे. तू तिथे आहेस.

३० जून

शाळेत असतानाचा माझा फोटो दाखवला. दोन वेण्यांचा. मग माझा चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेला. "आये, बघ ना. मीच ती."

भिंतीकडे वळली. "बाय, तू जा."

१ जुलै

अलिबागची गाडी उद्याची सांगितली होती. मग सकाळी हे केलं —

यंत्र तिच्या मांडीवर ठेवलं. खाटेच्या डोक्याशी जमिनीवर बसले, तिला दिसणार नाही अशी. आणि त्याच्यासारखी बोलले. तसंच स्वच्छ, शहरी, गोड. "नमस्कार आजी. मी किशोरी. तुम्ही जेवला नाहीत?"

मग तिने यंत्र छातीशी धरलं. "आलीस गो? खं गेलतीस?"

"इथेच होते आजी. दोन घास घ्या."

उठून पुढे आले, बाय होऊन. तोंडातून शब्द न काढता पेज भरवली. अर्धी वाटी खाल्ली. पुन्हा मागे जाऊन बसले. "शाब्बास आजी."

गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. किती दिवस चालेल हे, माहीत नाही. माझं नाव मला असं चोरून घ्यावं लागतंय.

२ जुलै

जेवली. मी मागे जाऊन बसले. आईने तोंड काचेजवळ नेलं आणि बायला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"किशोरी, तू मुंबैलाच ऱ्हा गो. मना बगाया येऊ नको, आलीस तं हतंच अडकशील. ही बाय हाय माज्याकडं. लय जीव लावते."

आजी म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "बरं, आये."