चार, आणि वर अर्धं

रॉबिनव्हेल, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
२ मार्च २०१४

ती. पौलियासी मामास,
भाच्याचा द्राक्षांच्या पेट्यांआडून वाकून नमस्कार. वि. वि.

गावाहून नव्या तुकडीत आलेल्या माणसानं रविवारी प्रार्थनेनंतर तुझं पत्र हातात दिलं. फोनवर का विचारलं नाहीस ते कळलं. आईच्या फोनला घरातले आठ कान लागलेले असतात. आठवीतून पळालेल्या पोराला मास्तर विचारतोय की गणित कसं शिकवू, हे गावाला कळलं तर चर्चमध्ये तुला पुढचा बाक मिळायचा नाही. मामाच्या ताटातलं उचलायचा हक्क भाच्याला आहे, तसा टोमणा मारायचाही आहे, म्हणून मारून घेतला. मामा, मला अजून सातचा पाढा म्हणताना मध्ये श्वास घ्यावा लागतो.

पण पुढचं वाचून हसू राहिलं नाही. सातवी-आठवीची मिळून एकोणीस पोरं, आणि तू फळ्याकडे वळलास की पाठीमागे कोणी नाहीच असं वाटतं म्हणतोस. प्रश्न विचारला की सगळी आपापल्या गुडघ्यांकडे बघतात. राजधानीतला प्रशिक्षणवाला हसऱ्या मुलांचा रंगीत तक्ता चिकटवून गेला, तर आता तेवढा वेळ तक्त्याकडे बघतात.

आणि त्या एकोणिसांत आपला धाकटा कितिओने आहे. मागच्या फोनला त्यानं मला विचारलं की इथल्या शेतावर घ्यायला वय किती लागतं. एकवीस म्हटलं, तर म्हणाला की मग आठच वर्षं राहिली. आठच म्हणाला, मामा. मी इथे मनगटं सुजवतोय ती धाकट्यानं इथे येऊ नये म्हणून. तो माझ्याच वाटेनं आला तर मी आलो कशाला?

मला जे दिसतं तेवढं सांगतो. आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये डोरीन नावाची मुकादम बाई आहे. ती टेबलाटेबलांच्या टोळ्या करते. दर सुट्टीला कोणाच्या किती पेट्या झाल्या ते पाटीवर लिहिते. जी टोळी मागे राहील तिच्या डोक्यावर रबराची कोंबडी टांगते. सगळी शेड हसते, आम्हीही हसतो, आणि पुढचा तासभर असे हात चालवतो की बघत राहावं. तू वर्गाच्या दोन बाजू कर. पुस्तकातले सफरचंदाचे तुकडे सोड, तिथे कोणी सफरचंद खाल्लंय? कोनफळं आण, खरी कापून वाटे करायला लाव. आणि हरणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी अडकव. कितिओनेला हरायला आवडत नाही. तो हलेल.

त्याच वर्गातल्या आपल्या आकोसितालाही, बहीण म्हणून, माझा आदरानं निरोप दे. मामा, रागावलास तरी लोभ तोडू नकोस, इथल्या दुकानात तो मिळत नाही.

तुझा भाचा,
सेमिसी

*

हापाई, टोंगा
३० मार्च २०१४

चि. सेमिसीस,
मामाचे आशीर्वाद, जितके बोटीत मावतील तितके. वि. वि.

बोट दोन आठवडे आली नाही म्हणून उत्तराला उशीर. पण खरं सांगायचं तर बोट आली असती तरी पहिल्या आठवड्यात मी वेगळं पत्र लिहिलं असतं. ते पत्र तुला आवडलं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या. कोंबडी कुठून आणू? एक वाळलेली समुद्रकाकडी होती, समुद्राच्या तळाचा तो अळीसारखा जीव, तिला दोरी लावली. वास असा की कुत्रं दारातून परत गेलं. आणि पोरं बोलायला लागली रे. कोनफळाचे आठ वाटे, त्यातले तीन पाद्रीबुवांचे, मग उरले किती, यावर भांडायला लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदा वर्गात असा गोंगाट झाला जो मला थांबवावासा वाटेना. कितिओने तर माझ्या तोंडातून प्रश्न पुरा निघायच्या आत उत्तर सांगायचा. त्यानं मला विचारलं की एकशेसाठाव्या तुकड्याला काही नाव असतं का. मी घरी जाऊन तुझ्या मामीला सांगितलं, तर ती म्हणाली की आधी हात धू, काकडीचा वास येतोय.

गुरुवारी मुली हरल्या. शेवटचा प्रश्न आकोसिताकडे होता. तीन अष्टमांश आणि एक चतुर्थांश मिळून किती. ती म्हणाली, चार बारांश. वरचे वर, खालचे खाली, सगळी करतात ती चूक. मी काकडी तिच्या गळ्यात घातली. मीच घातली. वर्ग हसला, आणि कोणीतरी मागून म्हणालं की हिला नवरा मिळाला, वासावरून कोळी दिसतो.

समोरच्या बाजूला कितिओने बसला होता.

तुला काय सांगायचं? बहिणीसमोर आपण आवाज चढवत नाही, तिच्या देखत असली थट्टा कानावर पडली तर उठून जातो. बावीस वर्षं मी भावंडांना एका बाकावर बसवलेलं नाही. दोन बाजू केल्या की झालं, असं मला वाटलं. दोन बाजू म्हणजे समोरासमोर, हे त्या गोंगाटात सुचलंच नाही. गणितात कोण कोणाचा भाऊ, असं काहीतरी डोक्यात होतं.

तो उठला, वही बाकावरच ठेवली, दारातून गेला. तेव्हापासून शाळेत नाही. पोरांच्या खोपटात झोपतो आणि दिवसभर आजोबांच्या मळ्यावर असतो. आकोसिता रोज येते, पण तिनं त्या दिवसापासून वर्गात एक शब्द उच्चारलेला नाही. तुझ्या आईनं मला विचारलं की काय झालं, आणि सख्ख्या बहिणीला मला खरं सांगता आलं नाही.

तुझं तो ऐकतो. त्याला लिही. माझ्याकडे आता एकही युक्ती नाही.

तब्येत सांभाळ, मनगटांना तेल चोळ. मामावरचा लोभ यापुढेही परवडत असेल तर राहू दे.

तुझा,
पौलियासी मामा

*

रॉबिनव्हेल
२१ एप्रिल २०१४

ती. मामास,
नमस्कार आहेच. यावेळी मान वर करवत नाही म्हणून जास्त वाकून. वि. वि.

काकडी तू घातलीस, पण दोरी मी पाठवली. मी इथे कोंबडीखाली उभा राहून हसतो कारण शेडमध्ये माझी बहीण नाही. एवढी साधी गोष्ट मला लिहिताना सुचली नाही. इथे सात देशांची माणसं आहेत, कोणी कोणाचं नाही. मी तीन वर्षांत विसरलो की तिथे सगळे सगळ्यांचे असतात.

कितिओनेला तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. त्यात लिहिणार काय? शाळेत जा, हे मी सांगायचं? आईला फोन करून त्याला बोलवायला सांगितलं, तर निरोप आला की तो मळ्यावर आहे. दुसऱ्यांदा केला, तर आजोबांबरोबर कावा प्यायच्या बैठकीत बसलाय म्हणाली. तिसऱ्यांदा तो फोनवर आला. मी विचारलं कसा आहेस, म्हणाला बरा. मी विचारलं पाऊस आहे का, म्हणाला आहे. मग मी पुन्हा पावसाचंच विचारलं आणि माझं कार्ड संपलं.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. भाच्यानं मामाला काहीही बोलावं, पण हे जीभ ओलांडत नव्हतं. मी आठवीतून गेलो ते मासेमारीच्या हौसेनं गेलो, असं तुला अजून वाटतं. तू मला फळ्यापाशी बोलावलं होतंस. साडेतीनला पाऊणने भाग. तू आदल्या दिवशी शिकवलं होतंस की खालचा उलटा करायचा आणि गुणायचं. का उलटा करायचा ते मला समजलं नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात कोनफळं मोजली आणि म्हणालो, चार, आणि वर अर्धं. तू म्हणालास की चार आणि दोन तृतीयांश, आणि ते तुझं अर्धं कुठून आलं, की उरलेलं खाऊन टाकलंस. वर्ग हसला. तू वाईट मनानं बोलला नव्हतास, मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तिसऱ्या ओळीत सेलीना बसली होती, लेसीनी मावशीची. आपल्यात ती माझी बहीणच. ती हसली नाही. तिनं मान खाली घातली. मी खडू ठेवला आणि गेलो.

दोष द्यायला लिहीत नाही, मामा. दहा वर्षं झाली. पण कितिओनेला काय झालं ते मला कोणी समजावून सांगायला नको, एवढ्यासाठी लिहिलं. त्याला परत कसं आणायचं ते मला माहीत नाही. मला कोणी आणलं असतं तर मी आलो असतो का, तेही माहीत नाही.

हे वाचून पत्र जाळून टाक, पण लोभ नको जाळूस.

तुझा,
सेमिसी

*

हापाई
१५ जून २०१४

चि. सेमिसीस,
आशीर्वाद. देणाऱ्याची लायकी बघू नकोस, घे. वि. वि.

तुझं पत्र जाळलं नाही. हजेरीपटात ठेवलंय. इतके दिवस लिहिलं नाही, कारण दर वेळी पहिल्या ओळीच्या पुढे जाता आलं नाही. मला तो दिवस आठवत नाही, सेमिसी. मी आठवून पाहिलं. तुझ्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस माझ्यासाठी एक साधा मंगळवार होता.

मग मी एक केलं. मास्तर म्हणून मी कितिओनेच्या वर आहे, पण मामा म्हणून खाली. आपल्यात बहिणीच्या लेकराचा मान मामाच्या वर, त्याच्याशी मामाचं चुकलं तर मामानं काय करायचं ते ठरलेलं आहे. कमरेला जुनी फाटकी चटई गुंडाळली, केवड्याची, आजीच्या मयताला नेसली होती तीच, आणि मळ्याच्या बांधावर जाऊन मातीत बसलो. कोनफळं काढायचे दिवस आहेत. तो खणत होता. मला बघून पहार टाकून धावत आला, मला उठवायला लागला, म्हणाला की मामा, लोक बघतील. मी म्हटलं, बघू देत.

तो शेजारी बसला. त्यानं हातांवरची माती झटकली. मग म्हणाला की तुझ्यावर माझा राग नाही, त्या मागच्या पोरावरही नाही. म्हणाला की मी पण हसलो होतो, मामा. कोळी म्हणाला तेव्हा मी आधी हसलो, मग कळलं की ती आकोसिता आहे. तिनं मला हसताना पाहिलं.

चटई माझ्या अपराधासाठी होती. त्याच्यासाठी माझ्याकडे चटई नव्हती.

मग दोघं मिळून खणायला लागलो. चर्चला वाहून गावात वाटायची पहिली कोनफळं होती. तो जोडीजोडीनं मोजत होता, दहा जोड्या झाल्या की एक खडा बाजूला ठेवायचा. शेवटी नऊ टोपल्या भरल्या. आजोबांनी विचारलं की घरटी पाऊण टोपली दिली तर किती घरांना पुरेल. त्यानं वर न बघता सांगितलं, बारा. हा तोच भागाकार, जो मी बावीस वर्षं फळ्यावर उलटा करतोय. त्याला सांगायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. हा भागाकार आहे हे कळलं असतं तर त्यानं टोपली खाली ठेवली असती.

वर्गाचं सांगतो. काकडी समुद्राला परत दिली. आता प्रत्येकाला हाताएवढा कागद देतो. उत्तर लिहायचं, नाव नाही, घडी घालून बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. मी एक चुकलेलं काढून वाचतो, आणि सगळे मिळून शोधतात की या डोक्यानं काय विचार केला असेल. चार बारांशही निघालं, एकदा नाही, पाचदा. हसू आलं नाही कोणाला. गोंगाट नाही, पण गुडघ्यांकडे बघणं कमी झालंय. उशीर झाला एवढंच.

आकोसिता रोज एक जादा कागद मागून नेते. त्यावर दिवसाची गणितं उतरवते आणि चुलीच्या खोपीत, जिथून कितिओने आपलं जेवण उचलतो, तिथे ठेवते. दोघांत बोलणं नाही. तुझी आई म्हणते की कागद सकाळी तिथे नसतो. चुलीच्या राखेतही नसतो. परत मात्र एकही आलेला नाही.

थंडीत कान झाक. मामाशी लोभ ठेवायचा की नाही हे आता तू ठरव, मी मागत नाही.

पौलियासी मामा

*

रॉबिनव्हेल
८ जुलै २०१४

ती. मामास,
नमस्कार, आणि लोभाचं शेवटी सांगतो. वि. वि.

द्राक्षं संपली, आता वेलांची छाटणी आहे. बोटं इतकी गारठतात की पेन धरायला दोन वेळा चहा लागला. मला आणखी एक वर्ष ठेवून घेतलंय, त्यामुळे यंदा मी काही येत नाही. आलो असतो तरी कितिओनेशी काय बोललो असतो? पावसाचंच बोललो असतो.

तुझ्या नऊ टोपल्या वाचल्या आणि रविवारी चर्चहून आल्यावर बसलो. शेडच्या थंड कोठीत उरलेली साडेतीन किलो द्राक्षं आणली होती, डागाळलेली, कोणी विचारत नाही. पाऊण किलोच्या पिशव्या घेतल्या. खोलीतले बाकीचे म्हणाले की सेमिसीला थंडी लागली डोक्याला. चार पिशव्या भरल्या आणि काट्यावर अर्धा किलो उरला. दहा वर्षांपूर्वी माझ्या मनात होता तोच अर्धा. मग तो अर्धा किलो पाचव्या पिशवीत ओतला आणि बघत राहिलो. पिशवी भरत नव्हती. तिचे तीन भाग केले असते तर दोन भरले असते. म्हणजे तुझं दोन तृतीयांशही तेच होतं, मामा. तू पिशव्या मोजत होतास, मी द्राक्षं मोजत होतो. एवढंच कोणीतरी तेव्हा म्हणायला हवं होतं. तू म्हणाला नाहीस, मीही म्हणालो नाही.

सोबत एक कागद आहे, हाताएवढा, घडी घातलेला, आत माझं तेव्हाचंच उत्तर. नाव नाही. डब्यात टाक. निघाला तर वाच, त्या डोक्यानं काय विचार केला असेल ते पोरांना शोधू दे. कोणाचा म्हणून विचारलं तर आपल्या वर्गातला म्हण, ते खोटं नाही.

आकोसिताला सांग, त्या दिवशी तेच गणित जादा कागदावर उतरव. कितिओनेच्या उत्तराची वाट बघू नका. मीही बघत नाही. पण कागद ठेवायचं बंद करू नका.

लोभाचं ठरवायला सांगितलंस. तो पूर्वी होता तितकाच आहे, आणि वर अर्धा.

सेमिसी