शुभ लाभ लिहिलेली पेटी

१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आमची पेटी सुदानमध्ये!

माझ्या डोळ्यांनी पाहिली. दुपारी डबा खाताना डिस्पॅचवाल्यांनी मोबाइल पुढे केला. चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. धुळीचं मैदान, पिकअप गाडी, बंदुका घेतलेली माणसं अरबीत ओरडताहेत. एकाने लाकडी पेटीचं झाकण लाथ मारून उडवलं. आत मॉर्टरचे गोळे, आमच्याच हिरव्या नळकांड्यांत. आणि पेटीच्या बाजूवर लाल भडक देवनागरीत — शुभ लाभ. मध्ये स्वस्तिक.

घास तोंडातच राहिला. बाकीचे हसत होते. "बघा मॅडम, आपला माल कुठपर्यंत पोचला!" एकमेकांना टाळ्या दिल्या. शी!

तिथे दोन सेनापती अडीच वर्षांपासून एकमेकांच्या उरावर बसलेत. गावंच्या गावं ओस पडली. बाहेरचे देश कुणी याच्या पाठीशी, कुणी त्याच्या, आणि सगळे आपापली पोळी भाजून घेताहेत. आपल्या पेपरात आतल्या पानावर येतं, तेही जाहिरातीतून जागा उरली तर. आणि आता त्यात आमची पेटी.

आम्ही सुदानला एक खिळासुद्धा विकलेला नाही. कंपनीच्या निर्यातीचे सगळे कागद माझ्या हाताखालून जातात, मला ठाऊक आहे. हा माल दुसऱ्याच एका देशाने घेतला होता. त्याचं नाव मी या वहीतही लिहीत नाही. हमीपत्रात स्वच्छ म्हटलंय — माल फक्त आमच्या सैन्याच्या सरावासाठी, दुसऱ्या कुणालाही दिला जाणार नाही. खाली सही, शिक्का, सगळं.

सराव म्हणे! चांगलाच सराव चाललाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हे सगळं उन्मेषच्या हौसेपायी. उन्मेष म्हणजे आमचा जनरल मॅनेजर. वय छत्तीस, बुटांना आरशासारखी चमक, बोलताना 'ब्रँड' शब्द दर वाक्यात.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते, तशी त्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पहिल्या पेटीचीही होते. पॅकिंगच्या अंजनाबाई हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल ठेवतात आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकतात. निर्यातीच्या पेटीवर ठरलेल्या छापाशिवाय ठिपकाही चालत नाही. गेल्या वर्षी उन्मेषला कॅलेंडरसाठी फोटो हवा होता. कुंकू फोटोत उठून दिसेना. "ऑइल पेंटने लिहा, शुभ लाभ वगैरे, मोठ्ठं!" अंजनाबाई म्हणाल्या, "सायेब, हे मंग निघणार नाही." "पेटी बाजूला ठेवू हो!"

फोटो निघाला. पेटी बाजूला ठेवायची राहिली. दसऱ्याच्या सुट्टीची घाई, गाडी भरली, गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि तोच फोटो या वर्षीच्या कॅलेंडरच्या ऑक्टोबरच्या पानावर! खाली कंपनीचं नाव, फोन नंबर.

आता आज साहेबांचं फर्मान — वाटलेली सगळी कॅलेंडरं परत आणा. दोन बोलेरो निघाल्या. किराणा दुकानं, दवाखाने, न्हाव्याचं दुकान, कुठे कुठे फिरले. संध्याकाळी अकाउंट्सवाले काखेत गठ्ठा घेऊन आले, सांगत होते, एक बाई सोडायलाच तयार नव्हती. "त्याच्यावर माह्या सिलिंडरच्या तारखा आहेत, नाही देत जा!" शेवटी तिला नवं भिंतीवरचं घड्याळ दिलं म्हणे.

माणसं मेली त्याची लाज नाही, फोटो दिसेल त्याची भीती. ओकारी येते यांच्याकडे पाहून.

आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी देणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिल्लीहून मंत्रालयाची त्या पेटीबद्दल लेखी विचारणा आली. आज डब्याच्या वेळी कुणी टाळ्या दिल्या नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

उन्मेषने केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची स्वतः ओढून दिली. तेव्हाच समजलं, काहीतरी घाण पुढे येणार.

"उत्तरा मॅडम, तुम्ही तर घरच्याच."

कागद टाइप करून तयार होता. सदर पेटी सदोष म्हणून रद्द केलेली होती, रिकामी होती. पॅकिंग विभागातील कर्मचारी अंजनाबाई यांनी ती विनापरवानगी घरी नेली व भंगारात विकली. पुढे ती कुठे गेली याची कंपनीला माहिती नाही. गोळे कंपनीचे नाहीत. खाली — मी, निर्यात कागदपत्र विभागप्रमुख, वरील मजकूर खरा असल्याचे प्रमाणित करते. माझं नाव. सहीची जागा.

"सर, भंगारातली पेटी सुदानला गेली कशी? चालत?"

"ते त्यांचं ते शोधतील ना."

"आणि अंजनाबाईंनी तेवीस वर्षांत इथला सुतळीचा तुकडा घरी नेला नाही. चोरी त्यांच्या माथी मारता?"

"चोरी शब्द कुठे आहे मॅडम? हवं तर 'अनवधानाने' टाकू."

अनवधानाने! ती पेटी उचलायला दोन धट्टेकट्टे लागतात. ही साठीची बाई ती अनवधानाने पदराखाली लपवून बसमध्ये चढली असेल! अंगावर पाल पडल्यासारखं झालं. एक तारखेपर्यंत मुदत दिली आहे. सही नाही केली तर काय, ते तो बोलला नाही. नुसता हसला.

२३ नोव्हेंबर, रविवार

वसंतला सांगितलं. कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं काढून रिटायर झालेला माझा नवरा, त्याला वाटतं जगात सगळं चिमणीच्या धुरासारखं आपोआप वर निघून जातं. नजर टीव्हीवरच्या मॅचमध्ये.

"सहीच तर मागून राहिले, किडनी थोडी मागून राहिले!"

"एका गरीब बाईला चोर ठरवायचं?"

"तू सही नाही केली तर तिकडची लढाई थांबते का?"

"नाही."

"मग? काहून डोकं लावून राहिली?"

तीस वर्षं या माणसाला मी पोळ्या वाढतेय.

दुपारी व्हिडिओ पुन्हा पाहिला, या वेळी आवाज मोठा करून. शेवटी शेवटी मोबाइल धरणारा वळतो. तीन-चार सेकंद एक बाई दिसते. भिंतीला टेकून, मांडीवर कसलंसं बोचकं. मॉर्टर अजून उडालेलंही नाही, पण तिने दोन्ही कान आधीच दाबून धरलेत. सवय झालेली आहे. बुधवारी मला ती दिसलीच नव्हती. मी फक्त पेटी बघत होते, कंपनीचं काय होईल ते बघत होते. माझीच मला शिसारी आली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाही म्हणून सांगितलं! तोंडावर. "सर, मी यावर सही करणार नाही. दुसऱ्या कुणाची घ्या."

"दुसऱ्या कुणाची चालत नाही मॅडम. कागद तुमचे आहेत."

"मग कुणाचीच नको."

बाहेर आले तर अख्खा विभाग मान खाली घालून काम करतोय. एरवी एवढं कधी करत नाहीत. भिकारडे! तरी आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा माझा बेसाचा थांबा येईपर्यंत रिकामी. घरी आले तर भिंतीवर नुसता खिळा. कंपनीची माणसं येऊन कॅलेंडर घेऊन गेली. वसंतने स्वतः काढून दिलं, वर त्यांना चहा पाजला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वसंतशी बोलत नाही. त्याला अजून कळलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात अंजनाबाई. दोन बस बदलून आल्या होत्या. मला वाटलं, आभार मानायला आल्या. लाज वाटते लिहायला, पण मनात मी म्हणूनही ठेवलं होतं, 'अहो आभार कसले, माणुसकी आहे.'

सोफ्यावर बसायला तयार नव्हत्या, बळेच बसवलं. पाणी प्यायल्या आणि थेट विचारलं, "म्याडम, तुम्ही सही काहून करून नाही राहिल्या?"

"अंजनाबाई, त्यात तुम्हाला चोर ठरवलंय!"

"ठरवू द्या ना. मले का इलेक्शन लढवाची आहे? माही सही तं झाली शुक्रवारीच."

उन्मेषने शब्द दिलाय. मार्चमध्ये अंजनाबाई रिटायर होणार, त्यांच्या जागी सुनेला घेणार, मिनलला, पर्मनंट. पोलिसात जाणार नाही, फक्त कागद. पण माझी सही खाली पडली तरच.

मी भडकले. "आणि सुनेला त्याच पेट्या भरायला पाठवणार?"

"मंग का कलेक्टर करू तिले? बारावी नापास आहे. पोरगा तं नुसता खर्रा खाऊन पानठेल्यावर बसते. घर कोन चालवन, तुम्ही?"

अशा बोलल्या आणि मग स्वतःच ओशाळल्या. मी चहा टाकला. चहा आला तरी कप हातात धरून बसून होत्या.

"म्याडम, ते गोळे पडले तिथं माणसं मेली असतीन ना?"

बारा दिवस झाले. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळे त्या पेटीवर बोलताहेत. हे विचारणारी ही पहिली.

"असतील."

"लेकरं?"

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"मले वाटे, हा माल आपल्याच फौजेले जाते. दरसाली कुंकू लावाचं अन् म्हनाचं, देवा, सीमेवरच्या आपल्या पोराईले सांभाळजो. तेवीस वर्सं." कप खाली ठेवला. चहा तसाच. "सायेब सांगे, दुसऱ्या कोनाले देणार नाही असा कागद येते म्हणून. मंग म्याडम, तो खोटा कागद लिवला कोनं? त्याच्या हाताले काही झालं नसन का?"

मी कप उचलून आत नेले. बेसिनपाशी उभी राहिले, नळ सोडून. परत आले तर त्या चप्पल घालत होत्या.

"सही करून टाका म्याडम. सूनबाईचं अडून राहिलं. चोर म्हणून घ्याले मी तयार आहे, तुमाले काय जड आहे?"

१ डिसेंबर, सोमवार

तो कागद मी लिहिला.

सहा वर्षं मीच लिहितेय. त्या देशाचा दलाल म्हणाला होता, हमीपत्र तिकडून यायला महिना लागतो, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्हीच करून घ्या मॅडम. त्या देशाचं लेटरहेड माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. शिक्का इतवारी बाजारातून मी करवून आणला, दोन दिवसांत मिळाला. 'दुसऱ्या कुणालाही दिला जाणार नाही' हे वाक्यसुद्धा माझं. या वहीतही आजवर लिहिलं नव्हतं.

आज उन्मेषने माझ्याच कपाटातला तो शिक्का काढून टेबलावर ठेवला. शेजारी पेन.

सही केली. नेहमीसारखीच आली, हाताला काही झालं नाही.